गंगूबाईंचा उजवा हात

मालतीबाई,

परवा अकोल्याला तुमच्या शोकसभेत मी पंधरा मिनिटं बोलले. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून ते खोटंच होतं. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर यांना एका सतरंजीवर बसवून शिकवायची रीत या भागात तुम्हीच पहिल्यांदा कशी आणली, हे मी सांगितलं. तुमची शिस्त सांगितली, तुमचं हसणं सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. सभा संपल्यावर तुमची एक विद्यार्थिनी माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही बाईंच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण ना?" मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत मला स्वतःचा इतका संताप आला की मूर्तिजापूर आलं, तेव्हा तुमचं गाव म्हणून खिडकीबाहेर बघायचाही धीर झाला नाही.

तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट मी आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्हाला ती माहीत होती याबद्दल मला आता शंका नाही. पण माझ्या तोंडून तुम्ही ती कधी ऐकली नाहीत, आणि त्यातच माझा सगळा गुन्हा आला.

तुम्ही अमरावतीला आमच्या दवाखान्यात आलात, तेव्हा व्यवसायोपचार हा शब्द आमच्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता. मुंबईला शिकलेली वकिलाची मुलगी, तिशीच्या आतली, बिनलग्नाची, एवढंच कळलं होतं. मेट्रनने विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? तुम्ही उत्तर न देता पिशवी टेबलावर उपडी केलीत. तिच्यातून कुलूप-किल्ली, सुतळीचा गुंडा, पितळी गडू, बटणं लावलेला कापडाचा तुकडा आणि ज्वारीची पुरचुंडी निघाली. माणूस दिवसभर हातांनी जे करतो ते त्याला परत करता यावं, हे माझं काम, असं म्हणालात. मी नर्सिंगच्या मुलींची सिस्टर ट्यूटर, दवाखान्यात बारा वर्षं काढलेली. मी बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की बाई भातुकली घेऊन आल्यात. तुम्ही मागेच उभ्या होतात. तुम्ही हसलात आणि म्हणालात की भातुकलीच आहे, खेळायला या. मला त्या हसण्याचाही राग आला.

माझा राग नुसता आगाऊपणाचा नव्हता. अचलपूरला माझे वडील भिक्षुकी करायचे. मी सोळा वर्षांची असताना त्यांचं अर्धं अंग गेलं. आई आधीच गेलेली. दोन वर्षं त्यांना मी घास भरवला, तोंड पुसलं, पाणी पाजलं. भटजींची मुलगी नर्स होते म्हणून भावाने बोलणं टाकलं, तरी मी झाले, ती त्या दोन वर्षांच्या बळावर. मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची की पेशंटला स्वतःचा हात उचलावा लागला तर तुमची सेवा कमी पडली. माझ्या वॉर्डातल्या पेशंटच्या अंगावर कधी शिताचा कण दिसला नाही. याचा मला अभिमान होता, आणि तुम्ही नेमकं त्यावरच बोट ठेवलंत. व्हरांड्यात आपण डबे उघडून बसलो होतो आणि तुम्ही म्हणालात, "सिस्टर, तुमचे पेशंट इथे राजासारखे राहतात आणि घरी गेले की पोरके होतात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही आंब्याचं लोणचं घेऊन आलात आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू केलंत.

मग तुमचा शनिवारचा तास सुरू झाला. मोठ्या डॉक्टरांना तुम्ही कसं पटवलंत, मला अजून कळलेलं नाही. मधल्या हॉलमध्ये सतरंजी. पेशंट खुर्चीवर आणि आपण सगळे खाली. तीन तरुण डॉक्टर, माझ्या आठ-दहा मुली, कंपाउंडर, कधी आया. नियम दोनच. हुद्द्याने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी. आणि शेवटी बोलणाऱ्याने आज आपण कोणाकडून काय शिकलो ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या शनिवारी एक डॉक्टर घड्याळ बघत बसले होते. तिसऱ्या शनिवारी ते स्वतःहून वही घेऊन आले. मी मात्र भिंतीला टेकून उभी राहायची. माझ्या मुलींनी नर्स नसलेल्या बाईकडून शिकायचं हे मला रुचत नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी वलगावच्या गंगूबाई आपल्याकडे आल्या. माळी घरातल्या, पंचेचाळिशीच्या, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात येणाऱ्या. लकव्याने उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू सुधारला, हात तसाच राहिला. डॉक्टरांनी तो सोडूनच दिला होता. शनिवारी तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत आणि विचारलंत की घरी गेल्यावर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं. आम्हाला वाटलं, चालायचं म्हणतील, मळ्यात जायचं म्हणतील.

"मले माह्या हातानं जेवाचं हाय," त्या म्हणाल्या. "सुनेच्या हातचा घास खाऊन जगाचं नाही मले."

डाव्या हाताने जेवायला शिकवू का, असं तुम्ही विचारलंत. त्यांनी तोंड फिरवलं. डाव्या हाताने ताटाला शिवायचं हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. एका डॉक्टरांनी चमचा सुचवला, तेव्हा त्यांच्या घरी चमचा आहे का, हे आधी विचारा, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. नव्हता. आणि मग पहिल्या वर्षाची माझी एक मुलगी, जिला मी वर्गात तोंड उघडू देत नसे, ती हळूच म्हणाली की गंगूबाई झोपेत उजव्या हाताने लुगड्याचा काठ चुरगाळतात, मी दोनदा पाहिलंय. डॉक्टर उठून खुर्चीजवळ गेले आणि त्यांनी हात नव्याने तपासला. बोटांत जीव होता. चार माणसं महिनाभर ज्याच्याजवळून जात होती, ते त्या मुलीने पाहिलं होतं आणि तुमच्या सतरंजीवर बसली म्हणून सांगितलं होतं. बाई, त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की हिने मला आधी का नाही सांगितलं?

त्याच तासाला ठरलं. सहा आठवडे. सकाळी तुम्ही त्यांच्याकडून कोथिंबिरीच्या, त्यांच्या भाषेत सांभाराच्या, जुड्या बांधून घ्यायच्या, त्यांच्या रोजच्या कामातली बोटांची हालचाल परत आणायची. आणि दोन्ही वेळचं जेवण त्यांनी उजव्या हातानेच जेवायचं, कितीही सांडो, कितीही वेळ लागो. कोणीही घास भरवायचा नाही. तुम्ही एकेकाला विचारलंत. माझ्यापाशी आलात तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे.

पहिला आठवडा मी पाळला. दुपारी तुम्ही घरी जेवायला जायच्या आणि वॉर्डात मी असायची. गंगूबाई भाकरीचा तुकडा वरणात बुडवायच्या, तो अर्ध्यात गळायचा. लुगड्यावर, चादरीवर, हनुवटीवर सगळं वरण. तासाभरात चार घास. शेजारच्या खाटेवरच्या बाया बघत बसायच्या. आठव्या दिवशी त्या रडायला लागल्या, आवाज न करता, आणि माझ्याने राहवलं नाही. मी पडदा ओढला, ताट हातात घेतलं आणि भरवलं. दहा मिनिटांत जेवण झालं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेसाठी मी नर्स झाले होते. मी म्हटलं, बाईंना सांगू नका हं. त्या म्हणाल्या, नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. पडद्याकडे बघत बसल्या. आणि मी पडदा ओढला.

पाच आठवडे रोज. संध्याकाळच्या जेवणाला तुम्ही समोर असायच्या. तेव्हा त्या थोडं खायच्या आणि पोट भरलं म्हणायच्या. भरलेलंच असायचं, दुपारी मी दोन वेळचं घालायची. तुम्ही बुचकळ्यात पडायच्या. सकाळी जुडी बांधताना बोटं चालतात, मग ताटावर का थकतात? शनिवारी तुम्ही हा प्रश्न सतरंजीवर मांडलात. मुली बोलल्या, डॉक्टर बोलले. मी भिंतीला टेकून मूग गिळून उभी होते. खरं सांगायचं तर मला दया येत होती हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुमची रीत हरावी असं मला वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

सहाव्या आठवड्यात वरून दोन साहेब तपासणीला आले. तुमची जागा कायम करायची की नाही आणि शनिवारचा तास चालू ठेवायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. तुम्ही म्हणालात, बोलून काय दाखवायचं, गंगूबाई जेवून दाखवतील. तुमचा त्यांच्यावर केवढा विश्वास होता. हॉलमध्ये ताट मांडलं, भाकरी आणि वरण. सगळे खाली बसले, साहेबांना मात्र खुर्च्या दिल्या. गंगूबाईंनी हात ताटापर्यंत नेला. तुकडा उचलला. तो पडला. दुसरा उचलला, तोही पडला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि त्या मान वर करून इकडेतिकडे बघू लागल्या. त्यांना मी दिसले. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

कोणाला काही कळलं नाही. साहेबांना वाटलं, धाप लागली. पण तुम्ही त्यांच्या नजरेमागोमाग माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं.

त्यातले एक साहेब म्हणाले, सहा आठवड्यांत एवढंच? तुमच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे बोट दाखवलं असतं. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि शांतपणे म्हणालात, "माझा अंदाज चुकला." बस. त्यानंतर व्हरांड्यात तुम्ही मला एकदाच विचारलंत की दुपारी गंगूबाईंना जेवायला किती वेळ लागायचा. मी म्हटलं, तासभर. तुम्ही म्हणालात, बरं. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते आणि भांडताना कदाचित सगळं बाहेरही पडलं असतं.

जागा कायम झाली नाही, मुदत संपेपर्यंत तेवढं तुम्हाला ठेवलं. तास बंद झाला. गंगूबाईंना त्यांचा मुलगा बैलगाडीतून घेऊन गेला. चार-सहा महिन्यांनी तुम्हाला अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं आणि तुम्ही गेलात. तिथे तुम्ही शून्यातून पुन्हा सतरंजी अंथरलीत. पुढे तुमच्या तासाला बाहेरगावचे डॉक्टर येऊन बसू लागले, हे मी दुरून ऐकत होते. मला बरं वाटायचं. मी म्हणायची, बघा, झालं ते चांगल्यासाठीच झालं. स्वतःची समजूत घालण्यात मी पटाईत आहे.

दर संक्रांतीला तुमचं पोस्टकार्ड यायचं. तिळगुळाच्या चार शब्दांखाली एक ओळ असायची की आपलं भांडण संपायचंय, या. एकदा मी आले. रुग्णाला घास कसा भरवावा, या विषयावर तुमच्या तासाला मी शिकवावं असं तुम्ही कळवलं होतं. मी उशीची उंची शिकवली, घासाचा आकार शिकवला, गिळायला किती वेळ द्यावा ते शिकवलं. तुम्ही शेवटच्या ओळीत मुलींमध्ये मांडी घालून बसला होतात आणि वहीत लिहून घेत होतात. मी संपवल्यावर तुम्ही हात वर केलात. "सिस्टर, भरवणं कधी थांबवायचं, हे कसं ओळखायचं?" मी म्हटलं, पेशंटने तोंड मिटलं की. मुली हसल्या. तुम्हीही हसलात आणि वही मिटलीत. तुम्ही माझ्यासाठी दार उघडून उभ्या होतात, बाई. मी विनोद करून ते लावून घेतलं.

आणि आणखी एक. तुम्ही गेल्यानंतर दोनेक वर्षांनी मी माझ्या मुलींना शिकवायला लागले की पेशंट जे करू शकतो ते त्याला करू द्या, तुम्ही थांबा, सांडू द्या. माझ्या शिकवण्याचं कौतुक झालं. हे कोणाकडून शिकले, ते मी एकदाही सांगितलं नाही. तुमच्या सतरंजीवरचा नियम तेवढा मला पाळता आला नाही.

दिवाळीत तुमच्या दुखण्याचं कळलं. मुलींच्या परीक्षा झाल्या की जाते, असं म्हटलं. परीक्षांचं निमित्त होतं. तुमच्या खाटेशेजारी बसल्यावर मला बोलावंच लागलं असतं, हे मला माहीत होतं.

परवा परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी हाच हिशोब घोळवत होते. मालतीबाईंनी मला माफ केलं होतं का, त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, त्या मला पुन्हापुन्हा का बोलवायच्या. बडनेऱ्याला समोर एक बाई पोराला फरसाण भरवत बसली आणि एकदम डोक्यात आलं की इतक्या वर्षांत मी फक्त तुमचा आणि माझा विचार केला. गंगूबाईंचं पुढे काय झालं, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही. वलगाव अमरावतीपासून एवढ्याशा अंतरावर आहे. तिथल्या मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या. मी त्यांनाही विचारलं नाही.

काल रविवार. सकाळच्या एसटीच्या मोटारीने मी वलगावला गेले. माळ्यांचं घर विचारत गेले. अंगणात एक बाई सांभाराच्या जुड्या बांधत बसली होती. गंगूबाईंची सून. सासूला जाऊन दोन वर्षं झाल्याचं तिने सांगितलं. मी दवाखान्यातली म्हटल्यावर तिने पोतं झटकून बसायला दिलं.

"त्या घास चारनाऱ्या सिस्टर तुमीच का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडली. मला पाय मागे घ्यायला जागा नव्हती, मागे भिंत होती.

मग ती सांगत गेली. एक दुसऱ्या बाई यायच्या, पहिल्या वर्षी, दर रविवारी, मोटारीने. सासूला जेवायला बसवायच्या, हाताला धरून करून घ्यायच्या. पण सासू त्यांच्यापुढे हातच उचलत नसे. मग त्या अकोल्याला गेल्या. जाताना सांगून गेल्या की हात आता आखडला, उशीर झाला, पण तुम्ही सुनेने वाईट वाटून घेऊ नका. बाई, तुम्ही तेव्हा रोज सकाळी मला दवाखान्याच्या दारात भेटत होतात. रविवारी कुठे जाता हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

"तुमची लय आठवण काढे," ती म्हणाली. "सात वर्सं मी चारलं, पन माह्या हातचं तिले कधी गोड नाही लागलं. म्हने, सिस्टरसारखं कोनी चारत नाही. रोज तोंड फिरवे अन् रडे."

हे तिने कुरकुरीने सांगितलं नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पडदा सांगितला, पाच आठवडे सांगितले, साहेब सांगितले, व्हरांड्यात बोललेलं खोटं सांगितलं. ती ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने एकच विचारलं.

"म्हंजे बुढी आपल्या हातानं जेवली असती?"

मी म्हटलं, "जेवली असती."

मग तिने अर्धवट राहिलेली जुडी उचलली आणि बांधायला घेतली. मला जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मी उठून रस्त्यावर आले.

'जेवली असती' या दोन शब्दांची जागा वलगावच्या अंगणात नव्हती, बाई. ती हॉलमध्ये होती, साहेबांसमोर, तुम्ही एकट्या उभ्या होतात तेव्हा. तेव्हा मी बोलले असते तर वेळ होती, गंगूबाईंचा हात अजून आखडला नव्हता.